सहा हजार बुरशी आणि एक चाचणी

कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्या आज कितीतरी घरांत रोज घेतल्या जातात. त्या बुरशीतून आल्या हे पुष्कळांना ठाऊक असतं. ती नेमकी बुरशी ज्या चाचणीमुळे हाती लागली, तिच्याविषयी मात्र फारसं कुणी बोलत नाही. मी आज तिच्याविषयीच बोलणार आहे.

टोकियोच्या सांक्यो कंपनीत अकिरा एंडो बुरशींच्या एन्झाइमांवर काम करत. १९७१ मध्ये त्यांनी एक तर्क धरला. काही जंतूंना जगायला स्टेरॉल लागतं. तेव्हा एखादी बुरशी स्टेरॉलची घडणच रोखून त्यांना दूर ठेवत असेल. कोलेस्टेरॉल हेही एक स्टेरॉलच. आपल्या यकृतात ते घडताना वेग ठरवतं ते एचएमजी-कोए रिडक्टेज नावाचं एन्झाइम. त्याला अडवणारा रेणू बुरशीच्या गढूळ रसातून ओळखायचा कसा?

एंडोंनी उंदराच्या यकृताचा पेशीविरहित अर्क घेतला. त्यात किरणोत्सारी कार्बनची खूण असलेलं ॲसिटेट घातलं. अर्कातली एन्झाइमं त्याचं स्टेरॉल करतात. ते वेगळं काढायचं आणि त्यात किरणोत्सार किती उतरला ते मोजायचं. बुरशीचा रस मिसळल्यावर आकडा घसरला, तर रसात काहीतरी आहे. अशा रसांना स्वतःचा रंग असतो, त्यामुळे प्रकाशाच्या शोषणावर विसंबणारी मोजणी इथे सहज फसली असती. किरणोत्साराला रंगाची अडचण नाही.

पण ॲसिटेटपासून स्टेरॉलपर्यंत अनेक पायऱ्या आहेत. अडथळा कुठल्या पायरीवर? म्हणून तोच रस मेव्हॅलोनेट देऊन पुन्हा तपासायचा. मेव्हॅलोनेट म्हणजे रिडक्टेजने तयार केलेला पदार्थ. ते दिल्यावर स्टेरॉल नीट घडलं, तर अडथळा त्याआधीचा. तेही अडलं, तर तो रस आपल्या कामाचा नाही. या शोधाचं सगळं बळ मला या दुसऱ्या प्रश्नात दिसतं. तो विचारला नसता, तर यकृताच्या अर्काला बिघडवणारं कुठलंही विष औषधासारखं भासलं असतं.

पहिला रोधक सापडला तो सिट्रिनिन. रिडक्टेजला तो रोखत होता, पण मूत्रपिंडाला घातक निघाला. सोडून द्यावा लागला. सुमारे सहा हजार वाण तपासल्यावर, १९७३ मध्ये, पेनिसिलियम सिट्रिनमपासून कॉम्पॅक्टिन हाती आलं. त्याच्या रेणूचा एक भाग रिडक्टेजच्या मूळ पदार्थातल्या, म्हणजे एचएमजी-कोएतल्या, एचएमजीसारखा दिसतो. त्यामुळे एन्झाइमवरच्या त्याच जागेसाठी तो मूळ पदार्थाशी झगडतो, आणि हजारो पटींनी घट्ट बसतो.

आणि तरीही जिवंत उंदरांत कोलेस्टेरॉल उतरलं नाही. परीक्षानळीत एन्झाइम जेवढं घालावं तेवढंच राहतं. उंदराचं यकृत मात्र रोधक आला की अधिक एन्झाइम घडवू लागतं. एंडोंच्या गटाने मग अंडी देणाऱ्या कोंबड्यांवर प्रयोग केला. त्यांच्या रक्तातलं कोलेस्टेरॉल जवळजवळ निम्म्यावर आलं. पुढे कुत्र्यांत आणि माकडांतही ते घटलं. अमेरिकेत १९८७ मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं स्टॅटिन, लोव्हास्टॅटिन, वेगळ्या बुरशीचं होतं, पण तेही याच एन्झाइमला अडवतं.