साठी बुद्धी नाठी? – एका डॉक्टरच्या शोधाची कहाणी

(संस्थेच्या वार्षिक पालक-विद्यार्थी मेळाव्यात दिलेले व्याख्यान)



मी डॉक्टर नाही. बी.ए., बी.एड. झालेला एक साधा माध्यमिक शिक्षक आहे. चिटणीससाहेबांनी मला सांगितले की, यंदा मुलांना एखाद्या मोठ्या डॉक्टरच्या कार्याविषयी काही सांगा. तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे डॉक्टर आला नाही, माझी दादी आली.

माझी दादी शेवटची चार-पाच वर्षे आमच्याजवळच होती. पण स्वतःच्या घरात बसून ती विचारायची, "आता घरी कधी जायचं?" अब्बांना ती आपला भाऊ समजे. जेवून हात धुतले की पुन्हा जेवायला मागे. शेजारी म्हणत, "म्हातारपणच ते, चालायचंच." कोणी हसून "साठी बुद्धी नाठी" म्हणे. शेवटी आम्ही तिला एका दवाखान्यात नेले. तेथे तिला साल विचारले, जिल्हा विचारला, शंभरातून सात वजा करायला सांगितले. दादी गप्प. मग माझी अम्मी हळूच म्हणाली, "डॉक्टरसाहेब, हे तर त्यांना आधीपण येत नव्हतं." दादीने कधी शाळेचे तोंड पाहिले नव्हते.

त्या दिवशी दादीचे काय गेले होते आणि तिला काय कधी मिळालेच नव्हते, हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले. पुढे वाचनात आले की, जगातल्या मोठमोठ्या संशोधकांनाही नेमका हाच पेच पडला होता. त्यांपैकी एकाची कहाणी आज सांगतो. त्यांचे नाव डॉ. रॉबर्ट कॅट्झमन.

कॅट्झमन यांचा जन्म १९२५ साली अमेरिकेतील डेन्व्हर शहरात झाला. हार्वर्ड विद्यापीठातून ते डॉक्टर झाले आणि मेंदूच्या विकारांकडे वळले. न्यूयॉर्कमधील अल्बर्ट आईन्स्टाईन वैद्यकीय महाविद्यालयात ते मज्जाविकार विभागाचे प्रमुख होते. मेंदूभोवती जो द्रव असतो त्याचा अभ्यास त्यांनी बरीच वर्षे केला. नाव होते, पद होते. तेवढ्यावर समाधान मानले असते तरी कोणी दोष दिला नसता. पण एका प्रश्नाने त्यांना स्वस्थ बसू दिले नाही.

तो प्रश्न समजण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. १९०६ साली जर्मनीत डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी एका स्त्रीची हकीकत सांगितली. ती दवाखान्यात आली तेव्हा अवघी एक्कावन्न वर्षांची होती आणि तिची स्मृती ढासळत चालली होती. तिच्या मृत्यूनंतर मेंदू तपासला तेव्हा त्यात विचित्र डाग आणि धाग्यांच्या गाठी आढळल्या. या आजाराला अल्झायमरचे नाव पडले. पण पुढची अनेक वर्षे समज असा होता की, हा तरुण वयातला एक दुर्मिळ रोग आहे. म्हाताऱ्यांचे विसरणे निराळे, ते वयच आहे, नाहीतर रक्तवाहिन्या कडक झाल्या आहेत.

१९६८ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील संशोधकांनी दाखवले की, स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांच्या मेंदूंतही तेच डाग असतात. मग कॅट्झमन यांनी एप्रिल १९७६ मध्ये एका वैद्यकीय नियतकालिकात जेमतेम दोन पानांचा लेख लिहिला. त्यात त्यांचे म्हणणे सरळ होते. पन्नाशीतल्या त्या स्त्रीचा आजार आणि ऐंशीच्या आजीचा आजार हा एकच. आणि तसे असेल तर अमेरिकेत माणसे दगावण्याच्या कारणांत या आजाराचा क्रमांक चौथा किंवा पाचवा लागेल. पण मृत्यूच्या सरकारी कोष्टकात त्याचे नावही नव्हते.

मित्रांनो, ज्याला आपण "वय" म्हणतो त्यावर कोणी औषध शोधत नाही. ज्याला "रोग" म्हणतो त्यावर शोधतात. दोन पानांनी हा फरक केला. पुढच्याच वर्षी या विषयावर मोठी परिषद भरली. १९८० साली रुग्णांच्या कुटुंबांची राष्ट्रीय संघटना अमेरिकेत उभी राहिली, तिच्या संस्थापकांत कॅट्झमन होते.

आता त्यांच्या कार्याचा दुसरा भाग, आणि माझ्या मते आपल्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा. दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरला कोण दिसते? जो येतो तो. जो येत नाही, ज्याला आणायला कोणी नाही, ज्याच्या घरचे "चालायचंच" म्हणतात, तो दिसत नाही. तेव्हा आजार समाजात किती आहे, कोणाला होतो, कोणाला होत नाही, हे कळण्यासाठी डॉक्टरला खुर्ची सोडून वस्तीत जावे लागते. १९८० साली न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील पंचाहत्तर ते पंच्याऐंशी वयाच्या ४८८ धडधाकट वृद्धांची नोंद करून त्यांची वर्षानुवर्षे पाहणी सुरू झाली. या मंडळींकडून पुढे पुष्कळ कळले. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की, वाचन करणाऱ्या, पटावरचे खेळ खेळणाऱ्या, वाद्य वाजवणाऱ्या वृद्धांत स्मृतिभ्रंश कमी होता.

१९८४ साली कॅट्झमन कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे गेले आणि तेथून त्यांचे लक्ष चीनकडे वळले. शांघायचे डॉ. झांग मिंगयुआन आणि त्यांच्या सहकाऱ्यांबरोबर १९८७ साली त्यांनी शहराच्या एका भागातील पंचावन्न वर्षांवरील ५,०५५ लोकांची पाहणी केली. आणि तेथेच माझ्या अम्मीचे वाक्य त्यांच्यासमोर उभे राहिले. हाती चाचणी होती अमेरिकेत १९७५ साली तयार झालेली, तीस गुणांची. तीत वाचायचे, लिहायचे, हिशेब करायचा. शांघायच्या वृद्धांत तर कितीतरी जण, विशेषतः स्त्रिया, शाळेत कधी गेलेच नव्हते.

मी रोज प्रश्नपत्रिका काढणारा माणूस आहे. प्रश्नच चुकला तर मूल नापास होते, पण दोष मुलाचा नसतो. या संशोधकांनी ते ओळखले. एकच कसोटी सर्वांना न लावता त्यांनी तीन पायऱ्या केल्या. शाळेत न गेलेल्यांसाठी सतरा गुणांची रेघ, प्राथमिक शिकलेल्यांसाठी वीस, त्याहून अधिक शिकलेल्यांसाठी चोवीस. जे रेघेखाली आले त्यांची नीट वैद्यकीय तपासणी झाली. इतकी काळजी घेऊनही निष्कर्ष असा निघाला की, पासष्टीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंश ४.६ टक्के होता. वय वाढते तसा तो वाढत होता, स्त्रियांत अधिक होता, आणि ज्यांना शिक्षण मिळाले नव्हते त्यांच्यातही अधिक होता.

असे का व्हावे? कॅट्झमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली शुश्रूषागृहातील १३७ मृत वृद्धांच्या मेंदूंची तपासणी प्रसिद्ध केली होती. त्यांत दहा जण असे निघाले की, मेंदूत रोगाचे डाग भरपूर, पण जिवंतपणी बुद्धी तल्लख. त्यांचे मेंदू वजनाने अधिक होते, मोठ्या मज्जापेशीही जास्त होत्या. म्हणजे रोग आला होता, पण खर्ची घालायला शिल्लक होती. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायला नको. दुष्काळ दोन्ही घरांवर सारखाच येतो, पण ज्याच्या कणगीत धान्य आहे त्याची चूल उशिरापर्यंत पेटते. लहानपणीचे शिक्षण मेंदूची कणगी भरते, असा विचार कॅट्झमन यांनी १९९३ साली मांडला.

पण शिक्षकाने अर्धे सत्य सांगू नये. आपल्याच देशात, हरियाणातील बल्लभगड येथे भारत आणि अमेरिका यांच्या संशोधकांनी मिळून अशीच पाहणी केली. पंचावन्न वर्षांवरील ५,१२६ ग्रामस्थ, त्यांत ७३.३ टक्के निरक्षर. पिट्सबर्गच्या डॉ. मेरी गांगुली व त्यांच्या सहकाऱ्यांनी हिंदीत नवी चाचणी बनवली. "डोळे मिटा" असे कागदावर वाचायला देण्याऐवजी "मी करतो तसे करा" म्हणून स्वतः डोळे मिटून दाखवायचे. वाक्य लिहायला सांगण्याऐवजी घराविषयी एखादे वाक्य बोलायला सांगायचे. १९९८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पासष्टीपुढे स्मृतिभ्रंश अवघा १.३६ टक्के, आणि साक्षर-निरक्षर असा फरक तेथे आढळला नाही. म्हणजे निरक्षराची बुद्धी कमी, असा निकाल कोणी देऊ नये. माझी दादी निरक्षर होती, पण शंभर माणसांचा स्वयंपाक अंदाजाने करायची आणि साऱ्या नात्यांची वंशावळ तिच्या तोंडावर होती.

पुढे मात्र देशभरच्या वृद्धांची मोठी पाहणी झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे. स्त्रियांत अधिक, खेड्यांत अधिक, आणि कमी शिकलेल्यांत अधिक. म्हणजे शिक्षण हा काही ताईत नव्हे. मोठमोठ्या विद्वानांनाही हा आजार झाला आहे. परंतु २०२४ साली जगातील तज्ज्ञांच्या एका मंडळाने टाळता येण्याजोगी जी चौदा कारणे मोजली त्यांत कमी शिक्षण आहे. त्याच्याबरोबर रक्तदाब, मधुमेह, तंबाखू ओढणे, ऐकू कमी येणे आणि एकटेपणाही आहे. ही चौदाही टाळता आली तर जवळजवळ ४५ टक्के रुग्णांचा आजार टळेल किंवा लांबेल, असा त्यांचा अंदाज आहे.

कॅट्झमन २००८ साली वारले. या आजारावर पूर्ण बरे करणारे औषध त्यांच्या हयातीत निघाले नाही, आजही नाही. मग त्यांनी काय मिळवले? साऱ्या जगाने ज्याला नशीब म्हणून सोडून दिले होते ते त्यांनी मोजायला लावले. आणि मोजू लागल्यावर कळले की, त्यातले काही आपल्या हातात आहे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी पुष्कळांना डॉक्टर व्हायचे आहे. अवश्य व्हा. पण डॉक्टर म्हणजे केवळ पाटी लावून बसणे नव्हे, हे ध्यानात ठेवा. एम.बी.बी.एस.नंतर समाजवैद्यकाची वाट आहे. आणि ज्यांना विज्ञानाची जागा मिळाली नाही त्यांनीही खट्टू होऊ नये. अशा पाहणीला संख्याशास्त्र जाणणारा लागतो, घरोघरी अदबीने बोलणारा लागतो, आणि प्रश्न लोकांच्या बोलीत नेमका उतरवणारा भाषेचा जाणकार लागतो. दवाखान्यात माझ्या दादीला तिच्या भाषेतला प्रश्न विचारणारे कोणी नव्हते. ते काम तुमच्यासाठी शिल्लक आहे.

पालक बंधू-भगिनींनो, आपणांस दोनच गोष्टी सांगतो. घरात कोणी बुजुर्ग वरचेवर विसरू लागले, वाट चुकू लागले, तर हसू नका, रागावू नका. डॉक्टरकडे न्या, आणि त्यांना आधी काय येत होते व आता काय येत नाही, हे सोबत जाऊन सांगा. माझ्या अम्मीने सांगितले तसे.

आणि दुसरी. दरवर्षी सातवीचा निकाल लागला की, माझ्या वर्गातल्या दोन-तीन मुली पुढे येत नाहीत. शाळा लांब आहे, बस नाही, घरी धाकटी भावंडे आहेत. अडचणी खऱ्या आहेत, मी त्या नाकारत नाही. पण आपण समजतो की हा निर्णय दोन-चार वर्षांपुरता आहे. तसे नाही. बारा वर्षांच्या मुलीसाठी आज घेतलेला निर्णय ती पंचाहत्तर वर्षांची आजी होईल तेव्हाही तिच्याबरोबर असेल. आज ती कणगी भरू द्या.