भिंत उभी राहण्यापूर्वी विजेची वाट आखा

(पेण व रोहे तालुक्यांतील ग्रामपंचायत सदस्य, अधिकारी व शिक्षक यांच्यापुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



कुंडलिकेच्या खोऱ्यात भिरा येथे १९२७ सालापासून वीज निर्माण होत आहे. मुळशी तलावाचे पाणी सह्याद्रीच्या कड्यावरून खाली उतरते, जलविद्युत केंद्रातील चक्रे फिरविते आणि कुंडलिकेला मिळून रोह्याकडे वाहत जाते. ती वीज प्रथम मुंबईकडे गेली. आपल्या खेड्यांतील घरांना पुढे कितीतरी वर्षे वाट पाहावी लागली. आज वीज दाराशी आली आहे. परंतु दारातून आत तिने कोणत्या मार्गाने जावे, याचा विचार घर बांधताना आपण क्वचितच करतो. आज त्याच विषयावर मला बोलावयाचे आहे.

मी अभियंता नाही. कलाशाखेचा पदवीधर असून माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. तरीही हा विषय मी निवडला, कारण ही चूक मी स्वतः केली आहे. घर बांधताना फरशी, दारे, रंग या सर्वांचा खल आम्ही केला. वायरमनला मात्र प्लॅस्टर वाळल्यावर बोलाविले. त्याने नव्या भिंती छिन्नीने फोडल्या. पश्चिमेकडील चार इंची भिंतीत लांबलचक आडवी खाच पाडली आणि वर सिमेंट लिंपले. पहिल्याच पावसाळ्यात त्या रेषेवर ओल उमटली. एके सकाळी बोर्डाच्या लोखंडी पेटीला आईचा हात लागला आणि तिला झटका बसला. पायांत रबरी चपला होत्या म्हणून ती बचावली. पेटीला आर्थिंगची तार जोडलेलीच नव्हती. त्या दिवसापासून भिंतीआड दडलेल्या तारांकडे मी दुर्लक्ष केलेले नाही.

घरमालक हाच बांधकामप्रमुख

२०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) या योजनेत किमान २५ चौरस मीटरचे घर लाभार्थ्याने ठेकेदाराविना स्वतः उभे करावे, अशी अपेक्षा आहे. आपल्या दोन्ही तालुक्यांत कातकरी बांधवांची वस्ती मोठी आहे. त्यांच्यासाठी २०२३ साली जाहीर झालेल्या जनमन अभियानातही घरकुलांचा समावेश आहे. मालक हाच बांधकामप्रमुख असतो, तेव्हा गवंडी, सुतार आणि वायरमन यांचा मेळ घालणे हे त्याचेच काम ठरते. या तिघांनी भिंत उठण्यापूर्वी एकदा एकत्र बसावे, एवढेच माझे पहिले सांगणे आहे.

गारवा देणारे छत आणि तापणारी तार

जुन्या कौलारू घरात माळा असे. माळ्यावरील पेंढा उन्हाची झळ अडवी. आता पत्रा किंवा स्लॅब आला आणि वैशाखात घरे तापू लागली. त्यामुळे पत्र्याखाली थर्माकोल, काचतंतूची गादी किंवा तत्सम उष्णतारोधक थर बसविण्याकडे कल वाढत आहे. हा उपाय योग्यच आहे. केंद्र शासनाच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या इको निवास संहितेतही मोठ्या निवासी इमारतींच्या छतातून येणाऱ्या उष्णतेवर मर्यादा घातली आहे.

परंतु जो थर बाहेरची उष्णता आत येऊ देत नाही, तोच तारेची उष्णता बाहेर जाऊ देत नाही. प्रवाह वाहू लागला की तार थोडी तापतेच. मोकळ्या हवेत ती निवते. अर्धा मीटर किंवा त्याहून अधिक लांबीपर्यंत ती अशा थरात चोहोबाजूंनी गुरफटली, तर तिची सुरक्षित वहनक्षमता निम्म्यावर येते असे धरावे लागते. शिवाय थर्माकोलचा सतत स्पर्श झाल्यास तारेवरील प्लॅस्टिकचे आवरण कालांतराने कडक व ठिसूळ होते. भाताच्या कणग्या असलेल्या घरांत उंदरांचा उपद्रव असतो, तो वेगळाच.

यावर उपाय सोपा आहे. पाईप थराच्या आत पुरू नयेत, ते खोलीच्या बाजूने न्यावेत. छताच्या थराखाली लाकडी पट्ट्या ठोकून दोन बोटांची पोकळी ठेवावी आणि त्या पोकळीतून पाईप फिरवावेत. थर अखंड राहतो, तार थंड राहते आणि दुरुस्तीही सोपी होते. जेथे थर भेदून जाणे अटळ असेल, तेथे एकच भोक पाडावे आणि पाईपाभोवतीची फट व पाईपाचे तोंड लांबीने बुजवावे. एरव्ही पावसाळ्यातील दमट हवा पाईपातून आत शिरते आणि वातानुकूलित, थंड खोलीतील बोर्डात तिचे पाणी होते.

आधी कागदावर, मग भिंतीवर

प्रथम घराचा साधा नकाशा काढावा. पंखा, दिवा, दूरचित्रवाणी, फ्रिज, मिक्सर, पाण्याचा पंप यांच्या जागा त्यावर दाखवाव्यात. आज नसले तरी उद्या येईल तेही लिहावे. नंतर त्याच खुणा खडूने भिंतीवर कराव्यात. पाईप सरळ उभे किंवा सरळ आडवे असावेत, तिरके कधीही नसावेत. उद्या कोणी खिळा ठोकला, तर तार कोठे असेल याचा अंदाज त्याला आला पाहिजे. खाच पाडावीच लागली, तर उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एकतृतीयांशाहून आणि आडवी एकषष्ठांशाहून खोल नसावी. चार इंची भिंतीत आडवी खाच टाळलेलीच बरी.

दिव्यांच्या एका मंडलावर दहापेक्षा अधिक जोडण्या किंवा ८०० वॅटपेक्षा अधिक भार नसावा. दिव्यांसाठी दीड आणि मोठ्या प्लगसाठी अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची तार सामान्यतः वापरतात. वातानुकूलन यंत्राला स्वतंत्र व अधिक जाड तार हवी. पाईप तारांनी गच्च भरू नये. निम्म्याहून अधिक जागा रिकामी राहावी. दूरध्वनी व इंटरनेटच्या तारांना वेगळा पाईप द्यावा. छतापासून मीटरपर्यंत एक रिकामा पाईप आत दोरी घालून ठेवावा. २०२४ साली सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेचा लाभ पुढे कधी घ्यावयाचा झाल्यास भिंत फोडावी लागणार नाही.

स्लॅबच्या घरात सर्वांत महत्त्वाचा दिवस काँक्रीट ओतण्याच्या आदला. पाईप खालच्या व वरच्या सळ्यांच्या मध्ये बांधलेले असावेत, सांधे चिकटविलेले असावेत आणि पंख्याच्या पेट्यांची तोंडे बंद असावीत. त्या सायंकाळी मोबाईलवर छायाचित्रे काढून ठेवावीत. दुसऱ्या दिवशी दुपारनंतर ते पाईप पुन्हा कोणाच्याही दृष्टीस पडणार नाहीत.

आपले पाणी, आपला वारा

२६ जुलै २००५ ची अतिवृष्टी आपण विसरलेलो नाही. नदीकाठच्या घरांत पाईप जमिनीखालून न नेता वरून खाली उतरवावेत आणि बोर्ड पुराच्या माहीत असलेल्या रेषेच्या वर बसवावेत. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने आपल्या किनाऱ्यावर धडक दिली, तेव्हा घरांचे पत्रे उडाले. पत्र्याला बांधलेली तार पत्र्याबरोबरच जाते. म्हणून ती भिंतीच्या आधाराने न्यावी. पेणच्या खारेपाटात लोखंडी पाईप लवकर गंजतो. तेथे आयएसआय चिन्हाचा पीव्हीसी पाईप बरा. प्रत्येक प्लगला व लोखंडी पेटीला हिरवी आर्थिंगची तार आणि मुख्य बोर्डात ३० मिलिअँपिअरला वीज तोडणारे संरक्षक उपकरण असावे. या दोन गोष्टींत काटकसर नको. आमच्या घरी त्या असत्या, तर आईला तो झटका बसलाच नसता.

आपल्याकडून अपेक्षा

शिक्षकांना माझी विनंती आहे की, भूगोलात नकाशावाचन शिकविताना विद्यार्थ्यांकडून स्वतःच्या घराचा वीज नकाशा काढून घ्यावा. तो मुलगा घरी जाऊन वडिलांना प्रश्न विचारील, आणि तेच हवे आहे. ग्रामपंचायतींनी घरकुलाचा पाया झाल्यावर मालक, गवंडी व परवानाधारक विद्युत ठेकेदार यांची एक बैठक घडवून आणावी. वीज नकाशाची एक प्रत घराच्या कागदपत्रांत आणि एक मुख्य बोर्डाच्या झाकणाआड लावण्याचा आग्रह धरावा.

यासाठी वेगळा निधी लागत नाही. एक कागद, एक खडू आणि एक सायंकाळ पुरते. ती सायंकाळ आम्ही काढली नाही, म्हणून आमची भिंत दोनदा बांधावी लागली. आपल्या गावात यापुढे जी घरे उभी राहतील, त्यांच्या बाबतीत तसे होऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि आपली रजा घेतो.