ओठ शिवला, पुढे काय?

(दादर येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेले भाषण)



परदेशातून डॉक्टर येतात, आठवडाभर मोफत शस्त्रक्रिया करतात आणि परत जातात. अशा शिबिरांबद्दल बोलताना महाराष्ट्राला पहिलं नाव आठवतं ते डॉ. शरदकुमार दीक्षितांचं. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये राहणारे हे मराठी प्लास्टिक सर्जन. अपघातानंतर शरीराची एक बाजू अधू झालेली, स्वरयंत्राचा कॅन्सर होऊन गेलेला. तरी वर्षानुवर्षं ते भारतात येऊन गरिबांच्या मुलांचे दुभंगलेले ओठ शिवत राहिले. भारतीय जैन संघटनेने त्यांची शिबिरं भरवली. २००१ साली त्यांना पद्मश्री मिळाली, २०११ साली ते गेले. या माणसाच्या कष्टांबद्दल मनात आदरच आहे.

पण मी रुग्णालयातली समाजसेविका. परळला खेड्यापाड्यांतून मुलं घेऊन येणाऱ्या आयांशी माझं रोजचं बोलणं. त्यांच्या बाजूने पाहिलं की काही प्रश्न उभे राहतात.

पहिला प्रश्न दोषाचा. दुभंगलेल्या ओठाचं मूल जन्मलं की घरचे विचारतात, "ग्रहणात काय चिरलंस?" साधारण सातशे जन्मांमागे एका बाळाला हा दोष जगभर आढळतो. त्यामागे आनुवंशिकता असते, गरोदरपणातलं पोषण, काही औषधं, तंबाखूचा धूर अशी कारणंही असू शकतात. ग्रहणाचा आणि विळीचा काही संबंध नाही. ओठ शिवला तरी आईवरचा ठपका कोण पुसणार? डॉक्टरांनी सासू-नवऱ्यासमोर दोन वाक्यं सांगितली, तर त्या बाईचं पुढचं आयुष्य बदलतं.

दुसरा प्रश्न वेळेचा. ओठाची शस्त्रक्रिया बाळ तीन-सहा महिन्यांचं असताना करतात, टाळूची साधारण दीड वर्षाच्या आत, म्हणजे बोलणं पक्कं व्हायच्या आधी. मग वाचा-उपचार, कानांची तपासणी, दात, काहींना पुन्हा शस्त्रक्रिया. हे काम दहा-पंधरा वर्षं चालतं. शिबिर मात्र आठवड्यात उठतं. नंतर टाळूला भोक राहिलं तर बाईने कुठे जायचं? मजुरी बुडवून, एसटीचं भाडं भरून, धाकट्याला शेजारी ठेवून येते ती आईच. शिबिराच्या अहवालात शस्त्रक्रियांचा आकडा असतो, तिच्या खेपांचा नसतो.

तिसरा प्रश्न आकड्यांचाच. आकड्याची घाई काय करते, हे आपण बायकांनी सोसलं आहे. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडच्या बिलासपूर जिल्ह्यात एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांच्या नसबंदी शस्त्रक्रिया केल्या. त्या दिवसांतल्या शिबिरांनंतर तिथे १३ बायका दगावल्या. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने नसबंदी शिबिरं तीन वर्षांत बंद करायला सांगितलं. ती शिबिरं सरकारची होती आणि उद्देश वेगळा होता, हे खरं. पण रांग, घाई, न वाचता उमटवलेला अंगठा, या गोष्टी शिबिर कोणाचंही असलं तरी तपासायलाच हव्यात.

मग शिबिरं नकोत का? जिथे सर्जनच नाही तिथे "नको" म्हणणं आपल्याला सोपं आहे, त्या आईला नाही. १९९१ साली मुंबईहून निघालेली जीवनरेखा एक्स्प्रेस, ही रुळांवरची रुग्णालय-गाडी, याच गरजेतून जन्मली. पण दुसरी वाटही आहे. १९९९ साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'स्माइल ट्रेन' संस्थेने परदेशी पथकं धाडण्याऐवजी स्थानिक डॉक्टरांना पैसा आणि प्रशिक्षण द्यायचं ठरवलं. ऑस्कर मिळालेल्या 'स्माइल पिंकी' या माहितीपटातल्या मिर्झापूरच्या मुलीवर वाराणसीतल्याच डॉक्टरांनी शस्त्रक्रिया केली. डॉक्टर जवळचा असला की आई पुन्हा त्याच्याकडे जाऊ शकते.

आणि हे दान नव्हे, हक्क आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचा समावेश आहे. अंगणवाडीत, शाळेत तपासणी आणि पुढचे उपचार सरकारने द्यायचे आहेत. आपल्या वस्तीतल्या बाईला हे ठाऊक आहे का?

म्हणून शिबिराचा फलक लागला की आपण जाऊन चार गोष्टी विचारू या. शस्त्रक्रिया कोण करणार? संमतीपत्र मराठीत वाचून दाखवणार का? डॉक्टर गेल्यावर मुलाला कोण पाहणार? आईच्या बुडालेल्या मजुरीचं आणि प्रवासाचं काय? उत्तरं लेखी मागू या. चांगलं काम करणाऱ्याला या प्रश्नांचा राग येणार नाही.