नवा कोच आणि पारावरची मंडळी

भातकापणी उरकली, झोडणी झाली, की कर्जत-खालापुराकडच्या रिकाम्या खाचरांतून एक निराळेच पीक उभे राहते. ढेकळे फोडून जमीन सारखी होते, पाणी मारून ती चोपतात, चुन्याच्या रेघा पडतात, बांबूंवर दिवे चढतात. मग उल्हास नदीच्या काठापासून पाताळगंगेच्या काठापर्यंत, थंडीच्या रात्री, कुठल्या ना कुठल्या गावातून कबड्डीचा दम ऐकू येतो. आपल्या आजोबांनी ह्याच खेळाला हुतूतू म्हटले. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने तो बर्लिनला नेऊन परक्या मुलखातल्या लोकांना दाखवला. आणि १९९० साली बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत तो पदकाचा खेळ झाला.

पण आज मी खेळाविषयी बोलणार नाही. खेळाभोवती जी माणसे बसतात त्यांच्याविषयी बोलणार आहे. मैदानात दम सात जण धरतात, मैदानाबाहेर सातशे जण धरतात. आणि ह्या सातशेंना सगळ्यांत जोर केव्हा चढतो, तर संघाला नवा कोच येतो तेव्हा. शुद्ध भाषेत त्याला प्रशिक्षक म्हणावे. पण आपण कोच म्हणतो, तर मीही कोचच म्हणतो.

मी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे हा वाद मी पुष्कळदा ऐकला आहे. मुख्य कोच बदलला तर चर्चा होणारच. पण नुसता त्याच्या हाताखालचा सहायक नेमला, तरी एस.टी.च्या थांब्यावर, चहाच्या टपरीवर, लोकलच्या डब्यात माजी विद्यार्थी, पालक आणि गावची जाणती मंडळी तावातावाने बोलू लागतात. एक म्हणतो, "अहो, हा स्वतः कधी मोठ्या संघातून खेळलाय का?" दुसरा म्हणतो, "आपल्या तालुक्यात माणसं नव्हती का? घाटावरचा कशाला आणला?" तिसरा म्हणतो, "वय तरी काय त्याचं! पोरं ऐकतील का?" आणि चौथा हळूच पुस्ती जोडतो, "आधीचा काय वाईट होता?"

ह्या चारही प्रश्नांना हसून सोडून देऊ नये. ज्या गावाला आपल्या संघाची पर्वा नसते, त्या गावात असले प्रश्न कोणी विचारीतच नाही. तेव्हा त्यांची नीट तपासणी करू.

पहिला प्रश्न असा, की चांगला कोच व्हायला मोठा खेळाडू असावे लागते का? उदाहरण क्रिकेटचे घेतो, कारण ते सर्वांना ठाऊक आहे. दादरच्या शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकर सरांनी सचिन तेंडुलकर घडवला. १९९० साली त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि २०१० साली पद्मश्री. हे आचरेकर सर स्वतः प्रथम दर्जाचे सामने किती खेळले असतील? फक्त एक. १९६३-६४ च्या हंगामात, स्टेट बँकेच्या संघाकडून. 'स्वतः किती खेळलाय' ही एकच फूटपट्टी लावून बसलो असतो, तर आचरेकर सर पहिल्याच फेरीत बाद झाले असते!

ह्याचा अर्थ मोठा खेळाडू चांगला कोच होत नाही, असा नव्हे. पुष्कळ होतात. पण खेळणे ही एक विद्या आणि शिकवणे ही दुसरी. डाव्या कोपऱ्यावरचा एखादा पोरगा चढाईपटूचा घोटा असा काही धरतो, की बघणाऱ्याने तोंडात बोट घालावे. त्याला विचारा, "कसा धरलास रे?" तो म्हणेल, "सापडला, धरला." त्याच्या अंगाला जे कळते ते त्याला सांगता येत नाही. कोचला मात्र ते सुटे करून सांगावे लागते. चढाईपटूचा भार कोणत्या पायावर आहे ते बघ, तो पाय मागे घेण्याआधी वाक, आणि तू धरल्याबरोबर शेजारच्याने साखळी आवळलीच पाहिजे. माझ्या शिक्षक बंधुभगिनींना हे वेगळे सांगायला नको. गणितात पहिला आलेला माणूस गणिताचा मास्तर म्हणून पहिला येतोच असे नाही.

आता दुसरा प्रश्न, आपला आणि बाहेरचा. इथे मी तुम्हांला आपल्याच महाराष्ट्रातली एक हकीकत सांगतो. ती प्रत्येक पारावर सांगितली जावी अशी आहे.

१९९० पासून २०१४ पर्यंत सात आशियाई स्पर्धा झाल्या, आणि पुरुषांच्या कबड्डीचे सुवर्णपदक सातही वेळा भारताने आणले. महिलांची कबड्डी २०१० साली आली. तेव्हाचे आणि २०१४ चेही सुवर्ण आपलेच. मग २०१८ साली जकार्ताला स्पर्धा झाल्या. २३ ऑगस्टला आपले पुरुष उपांत्य सामन्यात इराणकडून हरले. दुसऱ्या दिवशी महिलांचा अंतिम सामना होता, तोही इराणशीच. तो इराणच्या मुलींनी २७-२४ असा जिंकला. आणि त्या इराणी मुलींच्या कोच कोण होत्या? आपल्या नाशिकच्या शैलजा जैन!

जैन बाईंनी नाशिकमध्ये वर्षानुवर्षे मुलींना कबड्डी शिकवली होती. भारतीय संघाची कोच व्हावे ही त्यांची इच्छा होती, ती संधी त्यांना मिळाली नाही. इराणने बोलावले. देश निराळा, भाषा निराळी, जेवणखाण निराळे, आणि बाई शाकाहारी. पण त्या गेल्या, कामापुरती फारसी शिकल्या, मुलींकडून योग आणि प्राणायाम करून घेतला, आणि दीड-एक वर्षात त्यांना सुवर्णपदकापर्यंत नेले. पुढे २०२३ साली हांगझाऊला आपल्या पुरुषांनी आणि महिलांनी दोन्ही सुवर्णे परत आणली ही आनंदाची गोष्ट. पण जकार्ताचा धडा विसरू नये.

तो धडा दुहेरी आहे, बरे का. इराणने 'बाहेरची बाई कशाला' असे म्हणत दार लावून घेतले असते, तर त्या मुली तिथवर पोचल्या नसत्या. हा एक भाग. दुसरा भाग आपल्याला अधिक झोंबणारा आहे. जो गुण आपल्या अंगणात होता तो आपण ओळखला नाही, दुसऱ्याने ओळखला. म्हणजे 'बाहेरचा नको' ही जशी चूक, तशी 'घरकी मुर्गी दाल बराबर' हीही चूकच. माणूस कुठला आहे हे विचारण्यापेक्षा, जिथे आला आहे तिथले शिकायला तो तयार आहे का, हे विचारा. जैन बाई फारसी शिकल्या. आपल्याकडे येणाऱ्या कोचला काय शिकावे लागेल?

त्याला आपल्या वाड्या शिकाव्या लागतील. आमच्या भागातले चपळ पाय पुष्कळदा ठाकरवाडीतून आणि कातकरवाडीतून येतात. डोंगर उतरून, तासभर चालून पोरगा सरावाला येतो. त्याला दहा मिनिटे उशीर झाला म्हणून मैदानाबाहेर उभा करणारा कोच शिस्त शिकवत नाही, पोरगा घालवतो. शिवाय एक गोष्ट पाहा. दिवाळी झाली की पुष्कळशी कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला निघतात, ती पावसाच्या तोंडावर परततात. आणि कबड्डीचा हंगाम नेमका तोच! ऐन सामन्यांच्या दिवसांत पोरगा दिसेनासा होतो, आणि पारावर आपण म्हणतो, "ह्यांना खेळाची किंमत नाही." किंमत असते हो, पण पोट आधी असते. ज्या कोचला हे कळते, तो पावसाळ्यातच देवळाच्या मंडपात नाहीतर शाळेच्या पडवीत सराव सुरू करतो, आणि पोरगा गावात मागे कसा राहील, कुठे जेवेल, ह्याची सोय शाळामास्तरांशी बोलून आधी लावतो.

आता प्रश्न सहायकाचा. पुष्कळांना वाटते, सहायक म्हणजे पाण्याच्या बाटल्या उचलणारा. तसे नाही. चढाई असते तीस सेकंदांची. हल्लीच्या नियमाने दोन चढाया रिकाम्या गेल्या, की तिसरीत गुण मिळवावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. अशा वेळी समोरचा गडी तिसऱ्या चढाईला कोणत्या अंगाने शिरतो, बोनस रेषेकडे पाय टाकतो की चवड्यावर वळून हात मारतो, हे कोणीतरी आधीच्या सामन्यांत वहीत टिपून ठेवलेले असते. तो बहुधा सहायक असतो. खेळण्याआधी अंग मोकळे करून घेणारा तोच, आणि हरल्यावर रडणाऱ्या पोराशेजारी बसणाराही तोच.

आणि श्रोतेहो, सर्वांत मोठी गोष्ट पुढेच आहे. पोराचा गुडघा सुजलेला असतो. मुख्य कोचला सांगायला तो भितो, कारण संघातून नाव जाईल. घरी सांगत नाही, कारण खेळ बंद होईल. तो सांगतो सहायकाला. अशा वेळी मैदानाभोवती आपण सातशे जण ओरडत असतो, "उतरव त्याला! उतरव!" त्या आरडाओरड्यात ज्याला ठामपणे 'नाही' म्हणता येते, तो खरा कोच.

ह्यात काय पणाला लागलेले असते, ते ध्यानात घ्या. महाराष्ट्रात शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के जागा राखीव आहेत. पोलीस, रेल्वे, तेल कंपन्या, खासगी कारखाने ह्यांनी कबड्डीच्या जोरावर कित्येक खेडुत पोरांना पगारावर घेतले आहे. २०१४ पासून प्रो कबड्डी लीगमुळे खेळात पैसाही आला. म्हणून आईबाप पोराला मैदानावर धाडतात. पण एकोणिसाव्या वर्षी ज्याचा गुडघा कायमचा गेला, त्याला ती नोकरी नाही, खोपोलीच्या कारखान्यात उभ्याने काम करणे नाही, आणि चिखलणीला खाचरात उतरणेही नाही. एका रात्रीच्या ढालीसाठी हा सौदा आपल्याला परवडणारा नाही.

मुलींचेही तसेच. मुलगी उत्तम खेळते, पण सराव संपेपर्यंत काळोख पडतो, आणि बाप म्हणतो, "पुरे झालं." कोचने सरावाची वेळ उजेडात ठेवली, मुलींना जोडीजोडीने घरी पोचवण्याची व्यवस्था केली, सहायक म्हणून एखादी जुनी खेळाडू बाई बरोबर घेतली, तर तीच मुलगी आणखी चार वर्षे खेळते.

मग नव्या कोचला मापायचे कशाने? निदान पहिल्या हंगामात ढाली मोजून नको. मी चार प्रश्न सुचवतो. एक, सुरुवातीला आलेल्या पोरांपैकी हंगामाच्या शेवटी किती टिकली? दोन, दुखापत झालेल्याला त्याने विश्रांती दिली का? तीन, राखीव पाच जणांना मैदानावर उतरायला मिळाले का? आणि चार, खेळणारी पोरे वर्गात आणि परीक्षेत दिसली का? हे चौथे शिक्षकांनी पाहावे. त्यासाठी कबड्डी यावी लागत नाही, हजेरीपट पुरतो. ह्या चार प्रश्नांची उत्तरे बरी असतील, तर ढाल आज ना उद्या येईलच. उत्तरे वाईट असतील, तर आलेली ढालही फार दिवस टिकायची नाही.

वाद घालायचीही एक रीत असते. जे म्हणायचे ते कोचच्या तोंडावर म्हणावे, पोरांच्या देखत म्हणू नये. पोरांच्या मनातून कोच एकदा उतरला, की त्याची कुठलीही सूचना पोचत नाही, आणि हरतो तो आपलाच संघ. टीका खेळावर करावी. माणसाच्या जातीवर, वाडीवर, बोलीवर करू नये. आणि सामना चालू असताना सल्ला देऊ नये. बाहेरून सातशे सल्ले आले, तर आतला गडी एकही ऐकत नाही.

महाराष्ट्रात १५ जुलै हा दिवस शंकरराव तथा बुवा साळवी ह्यांच्या जन्मदिनानिमित्त कबड्डी दिन म्हणून पाळतात. बुवांचे नाव आज घेतले जाते ते त्यांनी मारलेल्या चढायांसाठी नव्हे, तर ह्या खेळाची संघटना बांधण्यासाठी ते आयुष्यभर झटले म्हणून. ते दिवस आपल्याकडे लावणीचे. पण एखाद्या संध्याकाळी, आवणे उरकली की, नव्या कोचला आणि त्याच्या सहायकाला गावात बोलवा. चहा द्या. हे चार प्रश्न समोरासमोर विचारा, आणि त्यांचेही ऐकून घ्या. त्यांना आपल्याकडून काय हवे, तेही विचारा. कदाचित ते म्हणतील, एक दिवा हवा, एक जुनी चटई हवी, चार पोरांच्या जेवणाची सोय हवी. ते द्या. मग पुरते दोन हंगाम त्यांना काम करू द्या.

आणि त्यानंतर पारावर बसून खुशाल वाद घाला. तोवर बोलायला हातात काहीतरी असेल.