मैदान कुणाचे?

(शहागंज येथे कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संक्षेप)



मैदानाला गाव असते की केवळ मालक असतो? हा प्रश्न वरवर क्रीडारसिकांचा वाटेल. परंतु तो मालकीचा, म्हणूनच राजकीय प्रश्न आहे.

दक्षिण कोरियाचे उदाहरण पाहा. २००२ च्या विश्वचषकासाठी त्या देशाने दहा नवी स्टेडियमे बांधली. स्पर्धा संपली आणि ती भरावीत कशी, ही विवंचना उरली. तेथील अनेक व्यावसायिक फुटबॉल संघ बड्या उद्योगसमूहांच्या मालकीचे. एलजी समूहाने २००४ मध्ये आपला संघ आन्यांग शहरातून उचलून सोलच्या नव्या स्टेडियमात नेला. २००६ मध्ये एसके समूहाने बुचॉनचा संघ जेजू बेटावर हलविला. संघ कारखान्यासारखा हलविता आला. गाव मात्र जागच्या जागी राहिले.

पण ते गाव स्वस्थ बसले नाही. बुचॉनच्या पाठीराख्यांनी २००७ मध्ये स्वतःचा संघ काढला. आन्यांगमध्ये नगराच्या पाठबळावर उभा राहिलेला नागरिकांचा संघ २०१३ पासून खेळू लागला आणि २०२५ मध्ये पहिल्या श्रेणीत सोलच्या संघासमोर उभा ठाकला. स्टेडियम सिमेंटने बांधता येते, आपलेपणा बांधता येत नाही, हाच याचा अर्थ.

आपल्या कोल्हापुरास हे ठाऊक आहे. तेथील शाहू स्टेडियममध्ये पाटाकडील, दिलबहार, खंडोबा अशा तालमींचे संघ उतरतात. त्यांच्या पाठीशी भांडवलदार नव्हे, पेठा उभ्या असतात. पेठ उचलून दुसऱ्या शहरी नेता येत नाही.

आणि आपण? या शहागंजपासून थोड्याच अंतरावर, जामा मशीद आणि किल्ले अर्क यांच्या सान्निध्यात आमखास मैदान आहे. तेथे मुले चेंडू खेळतात, जाहीर सभाही भरतात. उद्या कुणी विकासाच्या नावाने अशा मैदानाभोवती भिंत घालून तिकिटाची खिडकी उघडली, तर आपण केवळ निषेधाचा ठराव करणार काय? मैदानाची मालकी सार्वजनिक राहावी आणि त्याविषयीच्या निर्णयात खेळणाऱ्या पोरांना व भोवतालच्या मोहल्ल्यांना स्थान असावे, ही मागणी आजच संघटित केली पाहिजे.

आमखास या नावात आम आणि खास दोघेही आहेत. खासांना जागा नेहमीच मिळते. आमजनांची जागा राखणे, हे आपले काम आहे.