गवताचे उद्यान आणि गायरानाचा हक्क

(मारेगाव येथे कार्यकर्त्यांसमोर झालेल्या भाषणाचा गोषवारा)



अमेरिकेत मॅडिसन शहरी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या उपवनात गवताचे एक रान आहे. नांगराखाली गेलेल्या त्या जमिनीवर 1935 पासून मूळ प्रेअरीचे गवत पुन्हा रुजविण्यात आले. राबणारे हात होते महामंदीत बेकार झालेल्या, सरकारी श्रमशिबिरांत राहणाऱ्या तरुणांचे. रानाला नाव मात्र मिळाले ते एका शास्त्रज्ञाचे!

मारेगावसारख्या तालुक्याच्या गावी उद्यान म्हटले की डोळ्यांपुढे येते ती विकतची हिरवळ, सिमेंटचे हरीण, फाटक आणि तिकीट. वऱ्हाडात गायरानाला ई-क्लास म्हणतात. दप्तराच्या भाषेत हा माळ पडीक; गुराख्याच्या लेखी तेथे पवन्या, मारवेल, कुसळी पिकते. 2017 ते 2019 या वर्षांत राज्याने पन्नास कोटी वृक्षांचा संकल्प सोडला. अशा मोहिमेत खड्ड्यांसाठी प्रथम नजर जाते ती माळाकडेच, कारण गवताची मोजदाद कोणी करीत नाही.

गवताचे रान पुन्हा उभे करणे कठीण नाही. गाजरगवत उपटावे, देशी बी पेरावे, चराई दोन-तीन वर्षे थांबवावी, बी झडल्यावरच कापणी करावी. 1977 साली रोजगार हमीचा कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला या कामासाठी मजूर शोधावे लागणार नाहीत. परंतु चराईबंदीची झळ लागते ती चार शेळ्यांवर घर चालविणाऱ्या बाईला. तेवढ्या काळाचा चारा तिला मिळणार नसेल, तर ते उद्यान तिच्या पोटावर उभे राहील.

दुसरा प्रश्न अधिक अवघड. दादासाहेब गायकवाडांच्या भूमिहीन सत्याग्रहाची परंपरा सांगणाऱ्यांना गायरान कसणाऱ्या दलित-आदिवासींकडे पाठ फिरविता येणार नाही. 14 एप्रिल 1990 पूर्वीची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय शासनाने 1991 साली घेतला. सर्वोच्च न्यायालयाने 2011 साली सामाईक जमिनी गावाला परत देण्याचा आदेश दिला, तेव्हाही भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींच्या पट्ट्यांचा अपवाद राखला. सुशोभनाच्या उत्साहात हा अपवाद विसरला जातो.

शिल्पाचेही तसेच. दिवाळीत गोवारी ढाल घेऊन गायींपुढे नाचतात. चराऊ रानाची कला ती हीच. त्याच समाजाची 114 माणसे 23 नोव्हेंबर 1994 रोजी नागपुरात मोर्चाच्या चेंगराचेंगरीत मेली. त्यांचे स्मारक नागपुरात आहे. ज्या माळांवर त्यांनी गुरे राखली, तेथे खूण नाही.

उद्यानाचा आराखडा नगरपंचायतीपुढे येईल तेव्हा चराईचे दिवस, कापणीची मजुरी आणि पट्टेदारांची यादी त्यात आहे की नाही, हे कार्यकर्त्यांनी प्रथम तपासावे. शिल्पांची चर्चा त्यानंतर.