अपिलात नवा पुरावा



दावा हरल्यावर माळ्यावरची जुनी पेटी उघडावी आणि तीत नेमका हवा तोच कागद सापडावा, हा प्रसंग आपल्याकडे नवा नाही. घर वाचले, या आनंदात मंडळी वकिलाकडे धाव घेतात. त्यांना आम्ही आज एक कटू सत्य सांगणार आहोत. अपील म्हणजे नव्याने मांडलेला डाव नव्हे. खालच्या कोर्टापुढे जे आले, त्यावरूनच वरचे कोर्ट निवाडा तपासते.

मग दार बंदच काय? तसे नाही. दिवाणी प्रक्रिया संहिता, 1908 हिच्या आदेश 41, नियम 27 ने तीन वाटा ठेवल्या आहेत. घ्यावयास हवा होता तो पुरावा खालच्या कोर्टाने नाकारला, ही पहिली. योग्य दक्षता घेऊनही पुरावा ठाऊक झाला नाही वा हजर करता आला नाही, ही दुसरी. ती 1976 च्या दुरुस्तीने आली. निकाल देण्यासाठी वा अन्य सबळ कारणासाठी खुद्द कोर्टालाच तो हवा, ही तिसरी. येथे गरज कोर्टाची पाहिजे, पक्षकाराची नव्हे. केशवजी इस्सर विरुद्ध जी. आय. पी. रेल्वे या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने 1907 मध्येच हे बजावले.

आता दक्षता म्हणजे काय? स्वतःच्या माळ्यावरची पेटी दिसली नाही, ही सबब कोण ऐकणार? पण बेळगाव 1956 पर्यंत मुंबई राज्यात होते. एखादा मोडी कागद दूरच्या सरकारी दप्तरात पडून असेल, तर नकलेसाठी अर्ज केव्हा केला, नक्कल केव्हा मिळाली, हे तारखांनिशी प्रतिज्ञापत्रात मांडा. असा अर्ज अपिलाच्या अंतिम सुनावणीबरोबर विचारात घ्यावा, हे सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये इब्राहिम उद्दीन प्रकरणात स्पष्ट केले आहे. पुरावा घेतला, तर कोर्टाला कारणे नोंदवावी लागतात. मात्र कागद दाखल झाला म्हणजे शाबीत झाला, असे नव्हे. त्याचे खंडन करण्याची संधी प्रतिपक्षालाही मिळते.

म्हणून आमची एकच विनंती आहे. पेटी उघडायची ती दावा लावण्यापूर्वी उघडा. मोडीचा जाणकार गाठा, कागद वाचून घ्या. पिढ्यांचे घर नशिबाच्या हवाली करू नका.